स्क्रूची डोकी रंगवताना: खाडीकाठच्या घरांसाठी पायरीपायरीने

सुतार काम आटपून गेला की दोन दिवसांत डोळ्यांत खुपायला लागतात ते स्क्रू. पांढऱ्या लॅमिनेटवर जस्ताची एक चकाकती टिकली हॉलच्या पलीकडूनही दिसते. ती रंगात मिसळवणं अवघड नाही. हाताचं काम दोन तासांचं, बाकी सगळी सुकण्याची वाट. पण बहुतेक जण स्प्रेचा डबा आणतात, जागेवरच्या स्क्रूवर फुसफुस करतात, आणि पंधरा दिवसांत नखाने रंगाची साल निघते.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. रंग हा स्क्रूला दिसण्यापुरता आहे, गंजापासून वाचवायला नाही. स्क्रू कसताना बिट (स्क्रूड्रायव्हरचं टोक) डोक्यावरच्या चरीत फिरतो, तिथे रंग थोडा तरी खरवडला जातोच, आणि ओल तिथूनच आत शिरते. ठाणे-नवी मुंबईत घर कोपरीला असो, ऐरोलीला, वाशीला की बेलापूरला, खाडीवरून येणारी खारट हवा ती फट बरोबर शोधते. म्हणून आधी न गंजणारा स्क्रू निवडायचा आणि मग तो रंगवायचा. उलट क्रमाने केलेलं काम एका पावसाळ्यात उघडं पडतं.

## १. हातातला स्क्रू कोणता आहे ते ओळखा

काळा जिप्सम स्क्रू. फॉल्स सीलिंगसाठी बनलेला, पण आपल्याकडे सुतार तो कपाटापासून पडद्याच्या ब्रॅकेटपर्यंत सगळीकडे मारतात. त्याच्यावरचा काळा फॉस्फेटचा थर खरखरीत असतो, त्यामुळे रंग त्याला इतर कुठल्याही स्क्रूपेक्षा चांगला धरतो. गंमत अशी की गंजायलाही हाच सगळ्यात आधी. शिवाय कडक पोलादाचा असल्याने जास्त ताण आला की डोकं तुटून हातात येतं. कोरड्या खोलीत चालेल. बाल्कनी, बाथरूम, किचनच्या सिंकखालचं कपाट इथे नको.

जस्ताचा, म्हणजे झिंक प्लेटेड. चंदेरी किंवा पिवळसर. घरातल्या बहुतेक कामाला पुरतो. जस्ताचा थर फार पातळ, साधारण ५ ते ८ मायक्रॉन, म्हणून तो घासताना हात हलका ठेवावा लागतो.

स्टेनलेस, दुकानाच्या भाषेत एसएस. बाल्कनीतली शेल्फं, जाळीची दारं, खिडकीची चौकट, एसीच्या बाहेरच्या युनिटभोवतीची पट्टी यासाठी ३०४ ग्रेडचा घ्या. खिडकी थेट खाडीकडे उघडत असेल तर ३१६. त्यात मॉलिब्डेनम असतं आणि मिठाच्या हवेत तो जास्त तग धरतो. ३०४ वर काही वर्षांनी चहा सांडल्यासारखी तांबूस छटा येऊ शकते, पण स्क्रू आतून खाल्ला जात नाही.

चुंबकावर फार भरवसा ठेवू नका. ३०४ चा स्क्रूसुद्धा थंड स्थितीत ठोकून घडवलेला असतो, त्यामुळे चुंबकाला किंचित ओढला जातो. मात्र चुंबकाला खणकन चिकटणारा सेल्फ ड्रिलिंग (टोकालाच ड्रिल असलेला) ‘एसएस’ स्क्रू बहुधा ४१० चा असतो, आणि तो बाहेर लावला की ३०४ पेक्षा बराच लवकर गंजतो. पाकिटावर ग्रेड छापलेला नसेल तर दुकानदाराला विचारा. सांगता आलं नाही, तर दुसरं दुकान. शंभर-दोनशे नगांच्या पुढे लागणार असतील तर मुंबईत मस्जिद स्टेशनजवळच्या नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजाराची चक्कर परवडते.

अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत साधा लोखंडी स्क्रू बाहेरच्या बाजूला घालू नका. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल, म्हणजे गंजाला आमंत्रणच. एसएस स्क्रू आणि त्याखाली नायलॉनचा वॉशर, हे ठीक.

## २. रंगवणं खरंच लागणार आहे का

लॅमिनेटच्या कपाटाच्या आत पंधरा-वीस स्क्रू असतील तर हार्डवेअरच्या दुकानात लॅमिनेटच्या छटांचे गोल स्टिकर आणि प्लास्टिकच्या टोप्या मिळतात. त्या लावा आणि मोकळे व्हा. पाणी किंवा वाफ लागणाऱ्या जागी मात्र स्टिकरच्या कडा उचलतात.

बिजागऱ्या, जाळीच्या दाराच्या पट्ट्या, खिडकीची चौकट, ब्रॅकेट इथे टोपी बसत नाही. इथे रंगच.

काही स्क्रू रंगवायचेच नाहीत. विजेच्या बोर्डातला किंवा उपकरणावरचा अर्थिंगचा स्क्रू, आणि गॅसच्या जोडणीला लागलेला कुठलाही. अर्थिंगला धातूला धातू टेकावा लागतो, रंगाचा थर तिथे मध्ये येतो.

## ३. सामान

साधारण ५० स्क्रूसाठी:

- स्क्रू ६०. वीस टक्के जास्त धरा, बिट घसरून काही वाया जाणारच
- ३२० किंवा ४०० नंबरचा पॉलिश पेपर, एक ताव
- एनसी थिनर १०० मिली, आणि धागे न सुटणारी सुती चिंधी
- भांडी घासायचं लिक्विड, जुनी चहाची गाळणी
- सेल्फ-एचिंग प्रायमरचा, म्हणजे धातूला किंचित खाऊन पकड घेणाऱ्या अस्तराचा स्प्रे (गाड्यांच्या रंगाच्या दुकानात विचारा, घरांच्या रंगाच्या दुकानात नेहमी नसतो)
- हव्या छटेचा स्प्रे, किंवा थोडा इनॅमल आणि शून्य नंबरचा ब्रश
- पार्सलचा जाड नालीदार पुठ्ठा, टोच्या, टूथपिक, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, थोडं व्हॅसलिन
- नवा बिट. हा खर्च टाळू नका
- नायट्राइलचे हातमोजे, आणि थिनर-स्प्रेच्या वाफेसाठी कार्बन कार्ट्रिजचा मास्क. कापडी किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही

यादीत थर्माकोल नाही, आणि ते मुद्दाम. स्प्रेमधल्या द्रावकाने थर्माकोल विरघळतं. स्क्रू खोचून पहिला हात मारला की खड्डे पडतात आणि स्क्रू एकमेकांवर कलंडतात.

## ४. छटा जुळवणं

इथे घाई केली तर पुढचं सगळं काम नीट होऊनही स्क्रू दिसतच राहतो.

पहिलं, नमुना घेऊन जा, फोटो नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यात क्रीम पांढरा होतो आणि करडा निळसर. लॅमिनेट असेल तर सुताराकडे कापून उरलेला तुकडा मागून ठेवा. त्याच्या मागे किंवा कॅटलॉगमध्ये नंबर असतो. पावडर कोटिंगच्या अ‍ॅल्युमिनियमसाठी किंवा यूपीव्हीसी खिडकीसाठी ज्याने काम केलं त्याच्याकडून आरएएल नंबर (रंगछटांचा ठरलेला कोड) घ्या. नेहमी लागणारे चार: ९०१६ पांढरा, ७०१६ गडद करडा, ८०१७ चॉकलेटी, ९००५ काळा. बऱ्याच सोसायट्यांत बाहेरच्या खिडक्यांचा रंग सगळ्यांना एकच ठेवावा लागतो, त्यामुळे हा नंबर शेजारच्या घरातूनही मिळू शकतो.

दुसरं, चकाकी. लोक छटेवर तासभर घालवतात आणि ग्लॉसचा डबा घेऊन येतात. मॅट लॅमिनेटवर तंतोतंत त्याच छटेचं चकचकीत डोकं दिव्याचा प्रकाश पकडतं आणि लगेच उठून दिसतं. उलट छटा थोडी इकडेतिकडे पण चकाकी बरोबर, तर नजर सहज पुढे सरकते. मॅटवर मॅट, सॅटिनवर सॅटिन. हव्या छटेत फक्त ग्लॉस मिळत असेल तर शेवटी मॅट क्लिअरचा एक पातळ हात द्या.

तिसरं, लाकडी रेषांचं लॅमिनेट. त्यात एक रंग नसतोच, निदान तीन असतात. सरासरी छटा शोधू नका. सगळ्यात गडद रेषेच्या जवळचा रंग निवडा. गडद ठिपका लाकडातल्या गाठीसारखा खपून जातो, फिका ठिपका पुट्टीच्या डागासारखा दिसतो.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका. एक स्क्रू रंगवून, सुकवून, जिथे लागणार तिथे ठेवा. सकाळच्या उजेडात एकदा बघा आणि रात्री घरातला दिवा लावून एकदा. पिवळ्या दिव्याखाली पांढऱ्याच्या पाच जाती होतात.

## ५. तेल काढणं आणि घासणं

रंग सुटण्याच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा या पायरीत असतं. स्क्रू कारखान्यातून तेलाचा हात घेऊन येतो; बोटाला जाणवला नाही तरी तो असतो.

स्क्रू गाळणीत घ्या, कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडमध्ये दोन मिनिटं खळबळवा, दोन पाण्यांतून काढा, लगेच फडक्यावर पसरून हेअर ड्रायरने सुकवा. ‘लगेच’ महत्त्वाचं. ओले काळे स्क्रू रात्रभर ठेवले तर सकाळी तांबूस मिळतील.

आता ते पुठ्ठ्यात खोचा (कसे, ते पुढच्या पायरीत) आणि डोक्यांवर पॉलिश पेपर फिरवा. जस्ताच्या स्क्रूची चमक मरून राखाडी झाली की थांबा. काळपट धातू दिसेपर्यंत घासलंत तर जस्तच गेलं. एसएसला जोर लावावा लागतो, त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि हट्टी. काळ्या फॉस्फेटला घासू नका, त्याचा खरखरीतपणाच कामाचा आहे.

शेवटी थिनर लावलेल्या चिंधीने प्रत्येक डोकं पुसा. चिंधी काळी होत राहिली तर नवी घ्या. त्यानंतर डोक्याला उघड्या बोटाने हात लावायचा नाही.

व्हिनेगरचा उपाय बरेच जण सुचवतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये जस्ताचे स्क्रू दहा-पंधरा मिनिटं ठेवले की बुडबुडे येतात आणि चमक जाते, हे खरं. पण ते आट्यांवरचं जस्तही खातं. विसरून रात्रभर ठेवले तर उघडं लोखंड उरतं. शेकड्याने स्क्रू असतील आणि घड्याळ लावून बसणार असाल तरच करा, आणि नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून धुवा. संडास साफ करायचं अ‍ॅसिड मात्र अजिबात नको. त्याची वाफ छातीला लागते, आणि कडक पोलादाच्या स्क्रूमध्ये त्यातून सुटलेला हायड्रोजन शिरून तो ठिसूळ होतो. कसताना डोकं तुटतं आणि आट्या लाकडात अडकून राहतात.

## ६. पुठ्ठ्यात खोचणं

टोच्याने दीड इंचावर एकेक भोक पाडा. स्क्रू असा खोचा की डोक्याची खालची कड पुठ्ठ्यापासून दोन-तीन मिलिमीटर वर राहील. टेकवून ठेवलात तर रंग पुठ्ठ्याला धरतो आणि काढताना कडेचा कपचा उडतो. फार वर ठेवलात तर आट्यांवर रंग बसतो. लाकडी स्क्रूला ते चालून जातं, पण बारीक मशीन स्क्रू नटमध्ये अडकून बसतो.

कापसाच्या काडीने चरीत व्हॅसलिनचा अगदी कणभर ठिपका ठेवा, म्हणजे तिथे रंग साचणार नाही आणि बिट पूर्ण खोल बसेल. कडेला लागलं तर तिथे रंग धरणार नाही, म्हणून हात स्थिर नसेल तर ही पायरी गाळा आणि नंतर पिनेने चर मोकळी करा.

## ७. प्रायमर

जस्तावर साधा ऑइल पेंट किंवा इनॅमल थेट लावू नका. रंगातलं तेल आणि जस्त यांच्यात क्रिया होऊन मधोमध साबणासारखा थर तयार होतो, आणि दमट हवेत तर रंग अख्खा सुटून येतो. ‘ब्रँडेड रंग वापरला तरी निघाला’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. ग्रिलसाठी घरात उरलेला रेड ऑक्साइडही इथे कामाचा नाही. तो उघड्या लोखंडासाठी आहे.

जस्त आणि एसएसला सेल्फ-एचिंग प्रायमर. एकच हात, इतका पातळ की खालचा धातू पुसटसा दिसला तरी चालेल. काळ्या फॉस्फेटला साधा मेटल प्रायमर पुरे. भिंतीचा उरलेला इमल्शन कुठल्याही स्क्रूवर थेट नको. पाण्याचा रंग आहे, उघड्या लोखंडाला सुकता सुकताच गंजवतो.

## ८. रंग

डब्यातली गोळी खडखडायला लागल्यापासून दोन मिनिटं हलवा. २० ते २५ सेंटीमीटरवरून, ४५ अंशाच्या कोनात, हात पुठ्ठ्याच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. पुठ्ठा पाव फेरा फिरवा, पुन्हा. चार बाजू म्हणजे एक हात. सरळ वरून मारलात तर डोक्याची कड कोरी राहते, आणि बसवल्यावर नेमकी तीच दिसते.

तीन पातळ हात, प्रत्येकात दहा-पंधरा मिनिटं. पहिल्या हातात रंग फुटकळ दिसतो, दिसू द्या. एकाच जाड हातात झाकायला गेलात तर चर भरते आणि कडेला थेंब लोंबतो.

किती वेळाने पुन्हा मारायचं ते डब्यावर असतं: बहुधा ‘एका तासाच्या आत किंवा २४ तासांनंतर’ अशा धाटणीचं. मधल्या काळात मारलं तर खालचा अर्धवट सुकलेला थर सुरकुततो. ब्रशने लावलेल्या इनॅमलवर दुसऱ्या जातीचा स्प्रे मारल्यावरही हेच होतं, म्हणून एका कामात एकच जात ठेवा.

दहा-बाराच स्क्रू असतील तर स्प्रे कशाला? प्रायमरनंतर शून्य नंबरच्या ब्रशने इनॅमलचे दोन पातळ हात द्या. चार-पाच असतील तर योग्य छटेचं नेलपॉलिशसुद्धा चालतं, कारण तेही लॅकरच आहे. परमनंट मार्कर मात्र उन्हात उडतो.

कुठे मारायचं? स्वयंपाकघरात आणि देवघराजवळ नाही. स्प्रेमधला वायू चटकन पेट घेणारा असतो. समई, उदबत्ती, गॅसचा बर्नर, गीझरची ज्योत, काहीही पुरतं. जिन्यात किंवा लिफ्टसमोर मारलात तर वास दोन मजले फिरतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव येतं. गच्चीवर परवानगी काढून, मोठ्या खोक्याच्या आडोशाने मारा. काम झालं की डबा उलटा धरून हवा निघेपर्यंत दाबा, नाहीतर तोंड बुजतं. रिकामा डबा भोसकू नका. रंगाचे डबे घरगुती घातक कचऱ्यात मोडतात, ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळे द्या.

## ९. हवामान आणि सुकणं

जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाणं नेहमीचं. अशा हवेत स्प्रेचं द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर ओल धरते आणि रंग दुधाळ पांढुरका पडतो. काळ्या आणि चॉकलेटी छटांवर हे फार दिसतं. पावसात करायचंच असेल तर उघडीप बघून दुपारी करा, आणि स्क्रू आधी ड्रायरने कोमट करून घ्या. एसीच्या खोलीतून थेट बाल्कनीत आणलेल्या थंड स्क्रूवर दव धरतं. अर्धा तास बाहेर राहू द्या.

हाताला लागत नाही म्हणजे सुकलं असं नाही. कसण्याचा मार सोसायला स्प्रेला निदान २४ तास, इनॅमलला तीन-चार दिवस, आणि पूर्ण कडक व्हायला आठवडा. घाई असेल तर एक रात्र गेल्यावर पुठ्ठा कडक उन्हात ठेवा. जेवणाच्या ओव्हनमध्ये नाही.

## १०. बसवणं

आधी भोक पाडा. प्लाय किंवा एमडीएफमध्ये ८ नंबरच्या स्क्रूला ३ मिलिमीटर, ६ नंबरला अडीच. भोक नसेल तर जोर वाढतो, आणि तो सगळा रंगलेल्या चरीवर येतो. आट्यांना मेणबत्ती घासा. साबण नको, तो ओल धरून ठेवतो.

बिट चरीला नीट जुळतोय ना पाहा. अधिकच्या खुणेच्या मध्ये चार बारीक रेषा असतील तर तो पोझिड्राइव्ह. त्यात साधा फिलिप्स बिट घसरतो. ६ ते ८ नंबरला २ नंबरचा बिट. ड्रिल मशीनने पाऊण भाग घालवा, शेवटचे तीन-चार फेरे हाताने. बिट आणि चर यांच्यात पातळ पॉलिथिनचा तुकडा ठेवला तर रंग बराच वाचतो.

तरीही थोडे ओरखडे उठतील. स्प्रे डब्याच्या टोपणात थोडा फवारा, जमलेला रंग टूथपिकने चरीत टेकवा. पुसून घेतलेल्या चरीत, व्हॅसलिन राहिलेलं नको. उरलेला रंग होमिओपॅथीच्या छोट्या काचेच्या बाटलीत बूच घट्ट लावून ठेवा आणि बाटलीवर छटेचा नंबर लिहा.

बाल्कनी आणि खिडक्यांचे स्क्रू दरवर्षी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात एकदा पाहा. नुसता टवका उडाला असेल तर टूथपिक आणि ती बाटली. डोक्याभोवती तांबूस कडं दिसलं तर वरून रंग लावू नका. तो स्क्रू काढा आणि त्या जागी ३०४ किंवा ३१६ चा रंगवून बसवा.